काळ्या मेंढ्याची पाटी

टेगवेन प्रॉबर्टने आयुष्यात तीन माणसांची हाडं मोडली, आणि तिन्ही वेळा एकाच मोगरीने. पिंपाला तोटी ठोकायची ती लाकडी मोगरी पस्तीस वर्षं काउंटरखाली तिच्या हाताशी असायची. आमच्या खोऱ्यात पब एकच, 'काळा मेंढा', तो मालकाच्या वतीने तीच चालवायची, आणि लोकर कातरायच्या हंगामात आमची माणसं प्यायली की एकमेकांच्या नरडीला हात घालत. टेगवेन मध्ये पडायची. कुणाचा जबडा गेला, कुणाचं मनगट, पण राग कुणी धरला नाही. कारण तिने पहिला हात कधीच उचलला नव्हता.

तोच तिचा नियम होता. पहिला हात ज्याचा, त्याला जन्मभर बंदी, आणि खडूने नाव पाटीवर. पाटीवर सगळ्यात वर गेथिन बेब. बारा वर्षांपूर्वी या मेंढपाळाने फुटका ग्लास तिच्या धाकट्या भावाच्या, इफानच्या तोंडावर मारला आणि त्याचा डावा डोळा गेला. भावाचं डोकं मांडीवर घेऊन टेगवेनने काउंटर पुसायच्या फडक्याने रक्त दाबून धरलं होतं. गेथिन तुरुंगातून सुटला तरी त्याला तिने उंबरा ओलांडू दिला नाही. इफान कोपऱ्यात निर्धास्त बसायचा, तो त्या पाटीच्या जिवावर.

मग मालकाने पब विकायला काढला. घेणारा तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढणार होता. टेगवेन पिसाळल्यासारखी घरोघर फिरली. पब गावानेच घ्यायचा, शेअर कितीही घ्या, मत मात्र प्रत्येकाला एकच. गेथिनच्या आईने, बेब म्हातारीने, काठी टेकत दारात येऊन घडी घातलेला शेअरचा अर्ज दिला, तेव्हा टेगवेनला तिची दया आली आणि तिने तो न वाचताच पिशवीत टाकला. एरवी बाई पावतीसुद्धा दोनदा वाचायची.

पब गावाचा झाला. समितीचा प्रमुख मायरिग, निवृत्त पोस्टमन, सभेत भागधारकांची नावं वाचायला लागला आणि म्हातारीच्या जागी गेथिनचं नाव निघालं. टेगवेनने टेबल उलटवलं.

"मालकाला त्याच्याच दारातून कसं हाकलायचं, टेगवेन?" मायरिग म्हणाला. "नियम तुझाच ठेवू. पण जुनी नावं पुसायची. नव्याने कुणी हात उचलला, तर तो बाहेर. मग कुणीही असो."

पाटी पुसली आणि पहिल्याच दिवशी भर दुपारी गेथिन आला. त्याने काउंटरवर पंजा टेकला आणि बिअर मागितली. टेगवेनने दात आवळून ग्लास भरला, एक थेंब सांडू दिला नाही. गेथिनने इफानच्या कोपऱ्याकडे मान वळवली.

"डाव्या बाजूने गेलो तर त्याला कळायचंसुद्धा नाही, नाही का गं?"

मोगरी खाली आली. बोटं मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला. गेथिन किंचाळला आणि दुसऱ्या हाताने ग्लास फोडून तिच्यावर धावला. काच तिच्या गालात घुसली. तिने त्याच्या कोपरावर घाव घातला, मग खांद्यावर, तो गुडघ्यावर आल्यावरही मारत राहिली. बारा वर्षांचं सगळं तिने त्याच्या अंगावर काढलं आणि तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. चार जणांनी मिळून तिला मागे ओढलं.

मायरिगच्या हातात खडू होता, पण तो पाटीकडे बघेना. पहिला हात कुणाचा, हे विचारायचा धीर कुणालाच होईना.

"माझा," टेगवेन म्हणाली. तिने खडू घेतला, कोऱ्या पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, मोगरी काउंटरवर ठेवली आणि गालातून रक्त गळत असतानाच बाहेर पडली. नियमाने गेथिनचं नाव लिहिता येत नव्हतं; या वेळी त्याचा हात दुसरा होता.

इफान तिच्यामागे अंगणात आला. त्याने गळ्यातला मफलर काढून तिच्या गालावर दाबला.

"ताई," तो म्हणाला, "आता माझ्या डाव्या बाजूला कोण उभं राहील?"

आत कुणीतरी तिच्या मोगरीने नव्या पिंपाला तोटी ठोकत होतं, आणि दर दोन ठोक्यांमागे एक चुकत होता.