करंगळीची मेंदी

पुस्तकांनी मला मान मिळवून दिला आणि पुस्तकांनीच तोंडघशी पाडलं. कतारमध्ये, दोहा शहरात मी शवचिकित्सक होतो. आठवडाभर प्रेतं तपासायची आणि शुक्रवारच्या सुट्टीत त्यांवर मराठीत कथा लिहायच्या. पुण्यात वाचक खूश होते, मीही स्वतःवर खूश होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भर ऑगस्टात इंडस्ट्रियल एरियातून रत्नागिरीच्या एका मुसलमान फिटरचं प्रेत आलं. पंचविशीचा, धडधाकट. दोन महिन्यांपूर्वीच्या लग्नातली मेंदी डाव्या करंगळीच्या नखावर अजून होती. दुपारी लोखंडी टाकीत काम करताना कोसळला होता. आमच्याकडे आला तरी अंग भाजत होतं. उष्माघात, शेंबड्या पोरालाही कळला असता. पण घरच्यांना दफन लवकर हवं होतं, कंपनीचा माणूस दारात ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता आणि अशा वेळी आमच्याकडे एकच वाक्य लिहायची वहिवाट होती : हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू. मीही तेच लिहिलं. कुणाचं हृदय मेल्यावर चालू राहतं, हे मला कुणी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी मी ती टाकी, तो ताप, ती मेंदी, सगळं कथेत घातलं. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

एके दिवशी त्याचा थोरला भाऊ ती कथा असलेलं पुस्तक घेऊन आला. तोही दोह्यातच कारकून होता. मेंदीवरून त्याने भावाला ओळखलं होतं. तो सांगत गेला. धट्टाकट्टा मुलगा हृदयाने जातोच कसा, म्हणून आईने सुनेला पांढऱ्या पायाची ठरवलं आणि चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर माहेरी धाडलं. ती अजून तिथेच होती.

“साहेब, पुस्तकात खरा लिवलात,” तो म्हणाला. “मग कागदावर का नाय लिवलात?”

आता कागद बदलता येत नाही, असं मी पुटपुटलो. मी प्रयत्नच करणार नव्हतो. नोकरी प्यारी होती.

“मग ह्याच्यावर तरी सही करा. आयशीला दाखवीन.”

मी पहिलं पान उघडलं. माझ्याच आग्रहावरून छापलेली ओळ तिथे होती : या पुस्तकातील सर्व व्यक्ती व प्रसंग काल्पनिक आहेत. तोही ती वाचत होता. पेन माझ्या हातात होतं, ओळ खोडता आली असती. मी तिच्याखाली सही केली.