पोटाचे डॉक्टर वर, हाडांचे खाली

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या ताईला आतड्यांच्या सुजेचा जुना आजार आहे. त्याच आजाराने आता तिचे गुडघे धरलेत. आज हाडांच्या डॉक्टरांनी तिला दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. पोटाच्या डॉक्टरांनी नेमक्या त्याच बंद केल्या होत्या, कारण त्या घेतल्यावर तिला शौचातून रक्त जायला लागलं होतं.

ताई म्हणाली, "डॉक्टर, वर एक फोन करून विचाराल का?"

"पोटाचं मी बघत नाही. तुम्हीच विचारून या."

पोटाचे डॉक्टर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात. लिफ्ट बंद. ताई कठडा धरून जिना चढली.

वरचे डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या नकोत. दुसरं काय द्यायचं ते त्यांनाच विचारा."

म्हणजे परत खाली.

निघताना त्यांच्या टेबलाखाली हापूसची पेटी दिसली. माझी नजर बघून ते खुशीत म्हणाले, "खालच्या डॉक्टरांच्या बागेतली. दरवर्षी आठवणीने पाठवतात."

पेटी वर पोचवायला यांना माणूस मिळतो. मग निरोप पोचवायला सुजल्या गुडघ्यांची माझी ताईच का लागते?