नकाशा मास्तरांनी नाही, मी बंद पाडला

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. आठ-आठ दिवस वाट बघायची आणि आलं की लग्नाची पंगत असो की दुपारची झोप, सगळं टाकून धावायचं. मी आयुष्यभर आरेखक म्हणून रस्त्यांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर नातीकडून थोडं कॉम्प्युटरचं शिकलो आणि इंटरनेटवर ‘पाणी आलं का’ नावाचं पान केलं. ज्याच्या गल्लीत पाणी येईल त्यानं नकाशावर बोट टेकवायचं, की तिथं निळा ठिपका उमटायचा.

शेजारचे मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी कौतुकानं पाच-सहा ग्रुपवर लिंक टाकली आणि अख्खं शहर माझ्या पानावर लोटलं. मी हवेत. बघणाऱ्यांचा आकडा वाढला की स्वयंपाकघरात जाऊन सांगायचो. बायको म्हणायची, “त्या आकड्यानं टाकी भरती का बघा.”

पण ठिपक्यांखालचा नकाशा माझा नव्हता. तो जगभरातले लोक हौसेनं काढतात आणि देणग्यांवर चालणाऱ्या सर्व्हरवरून फुकट देतात. ठिपके ताजे दिसावेत म्हणून मी पान दर पाच सेकंदांनी नव्यानं उघडेल असं केलं होतं. ठिपके दोन-चारच बदलायचे, पण प्रत्येक मोबाईल सगळे रस्ते, नाले, शहराचे जुने दरवाजे पुन्हा मागायचा. लोकांच्या पाणपोईला मी पाइपच लावला होता.

नकाशा देणाऱ्यांनी मला अडवलं. नियमही दाखवले: एकदा घेतलेला नकाशा साठवून ठेवा, फार भार टाकू नका, तुम्ही कोण ते खरं सांगा. मी पानाचं नाव लपवून पुन्हा मागणं सुरू केलं. दोन दिवस लई मजा आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओळखलं, नकाशा राखाडी झाला, आणि नेमकं त्याच दिवशी निम्म्या शहरात पाणी आलं.

लोक चिडले. गल्लीत विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मास्तरांनी लिंक वाट्टेल तिथं फिरवली, मी काय करणार?” तेव्हापासून मास्तर ‘लिंकवाले सर’ झाले. माझ्याकडे चहाला येणं त्यांनी बंद केलं.

मी गुपचूप चूक दुरुस्त केली. शहरापुरती माहिती एकदाच उतरवून घेतली, नकाशा स्वतः रंगवला, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला आणि खाली मूळ नकाशा करणाऱ्यांचं नाव दिलं. आता फक्त ठिपके ये-जा करतात. गर्दी पहिल्याहून जास्त, तरी पान अडत नाही. मास्तरांवरचा आळ मात्र तसाच राहिला.

वर्षभरानं त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“साल भर से मैं लिंकवाला सर बनको फिर रा, और तुम अब बोल रै?”

“व्हय.”

“मेरे कान में बोलको क्या फायदा, मियाँ? लोक जिथं बघतात तिथं लिहा. सबसे ऊपर.”

तिथंच बसून मोबाईलवर लिहिलं: नकाशा मास्तरांमुळे नाही, माझ्या हावरटपणामुळे बंद पडला होता. अंगावरून गोणी उतरल्यासारखं हलकं वाटलं, हसूच येऊ लागलं. तेवढ्यात आमच्याच गल्लीवर ठिपका उमटला. सगळ्यांनी पान उघडलं, म्हणजे सगळ्यांनी ते वाचलं. समोरच्या वहिनी हातात बादली घेऊन ओट्याशी आल्या.

“सर, आमी उगाच बोललो हो तुमाला.”

“पहले पानी भरो,” मास्तर म्हणाले, “मग माफी मागा.” आणि माझ्या हातात आपल्या पाण्याच्या मोटारीची वायर दिली.