डोक्यासकट एकच गाणं

कल्पना करा, तुम्ही एका छोट्या खोलीत बसला आहात. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते ठोकलेले, दार जाड, आणि समोर शेजारच्या खोलीची काच. कानांवर हेडफोन, पुढ्यात माइक. तुम्ही बटण दाबता आणि गाणं सुरू होतं. गायिका गायला लागेपर्यंत चौदा सेकंद आहेत. तेवढ्यात तुम्हाला गाण्याचं नाव सांगायचंय, ते कोणी कोणासाठी मागितलंय हे सांगायचंय, जमलं तर एखादी गंमत करायचीय, आणि तिनं तोंड उघडायच्या आत आपलं मिटायचंय. एक सेकंद आधी थांबलात तर मध्ये खड्डा पडतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर गायिकेच्या पहिल्याच शब्दावर तुमचा पाय पडतो. गंमतीला कोणी हसलं की नाही, हे कळायची सोय नाही. जमेल?

आमच्या रेडिओ केंद्रावरच्या एका निवेदकाला हे सव्वीस वर्षं जमलं. सगळे त्यांना सेकंदकाका म्हणायचे. दुपारी एक ते चार त्यांचा कार्यक्रम असायचा. प्रत्येक रेकॉर्डच्या पाकिटावर, वरच्या कोपऱ्यात, त्यांनी पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला होता: १४, ९, २२. शब्द सुरू व्हायच्या आधी नुसती वाद्यं किती सेकंद वाजतात, त्याचा तो आकडा. ती पाकिटं अजून आमच्या कपाटात आहेत. बोलताना काका घड्याळ बघत नसत. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकेक करून टेकत जायची. शेवटचं बोट टेकलं की वाक्य संपलं, आणि वाक्य संपलं की गायिका. जुने लोक सांगतात, नवे निवेदक काचेपलीकडून त्यांचा गुडघा बघत शिकले.

काकूंचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "तिकडे परक्या बाईला बरोब्बर वाट करून देतात," त्या म्हणायच्या, "घरी मी बोलायला लागले तरी यांची गाडी आपली चालूच!"

आणि एक टेलरबाई होत्या. त्यांचं तर डोकंच फिरलेलं असायचं. दर शुक्रवारी कार्यक्रम संपला की केंद्राचा फोन वाजायचा. ऑपरेटर बाई काचेवर टकटक करून सांगायच्या, "काका, तुमच्या टेलरबाई. आज जास्तच तापल्यात."

"अहो, तुम्हाला पगार गाणी लावायचा मिळतो की बडबडायचा?"

"बडबडायचाच, बाई. गाणी मी पदरचीच लावतो."

"मी इथे कॅसेटी भरत बसते आणि माझ्या एका गाण्याला डोकं नाही! सगळी मानेपासून सुरू!"

"मग टोप्या शिवा ना त्यांना. टेलर आहात."

फोन धाडकन खाली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. असं सहा वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मला काकांनी सांगितलं, म्हणजे लिहून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याजवळच्या छिद्रातून श्वास घेतात. त्यावर एक छोटं फडकं बांधलेलं असतं आणि शर्टाच्या खिशाला दोरीनं लटकवलेली वही असते. काकू जाऊन बावीस वर्षं झाली. मुलगी दूर, दुसऱ्या देशात. ती रविवारी सकाळी फोन करते. काका फोन कानाला लावतात आणि नखानं वाजवतात. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"जेवलात?" टक. "औषध घेतलंत?" टक. "कंटाळा येतो का?" टक टक.

"त्या शेवटच्या दोन टकांना किती वेळ लागतो, ते तिला कळतं," काकांनी लिहिलं होतं. "सेकंद मोजायला माझ्याकडूनच शिकली आहे."

मी केंद्राच्या रेकॉर्डिंग विभागात तंत्रज्ञ आहे. मी लागले तेव्हा काका निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. दोन महिन्यांपूर्वी ते एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि वही पुढे केली. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना मोबाइलवर एक सोय दाखवली होती. आपण अक्षरं टाइप करायची, मोबाइल बोलतो. तयार तीन आवाज त्यात आहेतच. पण माणसाचं जुनं बोलणं मिळालं, निदान वीस मिनिटं, तर तो मोबाइल त्याच्याच आवाजात बोलू शकतो. खाली लिहिलं होतं: "मुलीशी परक्या माणसाच्या आवाजात बोलायचं नाही. माझा आवाज काढून दे."

सव्वीस वर्षं, रोज तीन तास. त्यात वीस मिनिटं म्हणजे दर्या में खसखस. मी हसत हसत कपाटं उघडली. संध्याकाळपर्यंत माझं हसू गेलं. थेट कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केंद्र ठेवतच नसे. काही ठेवलंच तर महिन्यानं त्याच टेपवर दुसरं भरायचे. काकांचं म्हणून जे सापडलं ते पेन्सिलीचे आकडे.

मग मला युक्ती सुचली. लोकांनी घरी रेडिओवरून कॅसेटी भरलेल्या असणारच. त्यात काकांचं बोलणं वाद्यांवर चढलेलं असेल, पण त्याची अडचण नव्हती. मूळ गाणी आमच्याकडे होती. कॅसेटवरच्या आवाजातून मूळ गाणं वजा केलं की उरतील ते काका. मी त्यांना कागदावर आकृत्या काढून समजावलं. दोन लाटा, एक सुलटी, एक उलटी. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि आकृतीखाली लिहिलं: "लोक सव्वीस वर्षं याच्या नेमकं उलट करायला बघत होते."

आम्ही तीन दिवस रेडिओवर आवाहन केलं. पाच फोन आले. एकांच्या कॅसेटींना बुरशी लागली होती, दोघांनी भंगारात दिल्या होत्या, एकांना काका म्हणजे दुसरेच कोणी वाटत होते. पाचवा फोन असा:

"तो माणूस आहे का अजून? म्हणजे, आहेत का ते?"

"आहेत. तुम्ही कोण?"

"टेलर म्हणून सांगा, ओळखतील. शहाऐंशी कॅसेटी आहेत माझ्याकडे. पण त्यांना म्हणावं, रागावायचं असेल तर घरून रागावून या. दुकानात गिऱ्हाईक असतं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दाराशी मशीन, भिंतीला दोऱ्यांची रिळं, खुंटीवर अर्धवट शिवलेले कोट, आणि फळीवर जुना टेपरेकॉर्डर. बाई सत्तरीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, ओठांत दोन टाचण्या. काकांना त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, माप घेतल्यासारखं.

"उंच असाल असं वाटलं होतं," टाचण्या काढून त्या म्हणाल्या.

काकांनी लिहिलं: "आवाज उंच होता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

खोक्यातली पहिली कॅसेट मी लावली. गाणं सुरू झालं ते थेट गायिकेच्या पहिल्या शब्दापासून. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. मी दुसरी कॅसेट लावली. मग मधलीच एक उचलली.

"यात काकांचा आवाज कुठेय?" मी विचारलं.

"कुठेच नाही!" बाईंनी अभिमानानं सांगितलं. "शहाऐंशी कॅसेटी, एकीत सापडणार नाही. अंगठा बटणावर ठेवून बसायची मी. यांचं तोंड मिटलं की बटण सोडायची. रेडिओत नाव काढलं असतं मी, कळलं?"

मी काकांकडे बघायचं टाळलं. "म्हणूनच फोनवर म्हणाले, राग येईल," बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "कशाला हवाय ते मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी सांगितलं. मुलीचं, टकटकीचं, वीस मिनिटांचं. बाई खोक्याकडे बघत राहिल्या.

मी तंत्रज्ञ आहे, लगेच हार मानणं मला येत नाही. हेडफोन लावून एकेक गाण्याची सुरुवात परत परत ऐकली. बाईंचा अंगठा कधी कधी किंचित आधी सुटला होता. तिथे शब्दाचं शेपूट होतं. एक 'ऊन', एक 'साठी', एक नुसताच 'आ'. पाव सेकंदापेक्षा कमी. मी हिशेब केला. बाराशे गाणी, प्रत्येकी शेपूट धरलं तरी चार मिनिटं, आणि त्या चार मिनिटांत एक अख्खा शब्द नाही. तरी मी हेडफोन काकांच्या कानांना लावला. दोन वर्षांत त्यांनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो 'साठी' एवढाच. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. मी सहा वेळा लावलं.

"पण बाई," मी विचारलं, "हे थांबणार कधी हे तुम्हाला कसं कळायचं? इतकं नेमकं?"

"त्यात काय! शेवटच्या वाक्याआधी हे नाकातून एक श्वास घ्यायचे. बारीक. तो ऐकू यावा म्हणून मी मशीन थांबवायची. यांनी चाळीस गाणी लावली की चाळीस वेळा माझं शिवण थांबायचं. माझा नवरा म्हणायचा, माझ्या हाकेला कधी थांबवलंस का मशीन?"

काका वहीवर काहीतरी लिहायला लागले आणि थांबले. तो श्वास त्यांना स्वतःलाही माहीत नव्हता. केंद्रावर कोणालाच नव्हता. सगळे गुडघा बघत होते.

"एकाच गाण्याला डोकं आहे," बाई म्हणाल्या आणि मशीनच्या ड्रॉवरमधून, बॉबिनांच्या खालून, एक कॅसेट काढली. इतर कॅसेटी खोक्यात होत्या, ही इथे. वर फिकट शाईत लिहिलं होतं: 'आज गप्प'.

मी लावली. क्लॅरिनेट वाजू लागलं. एकटंच, मग मागून व्हायोलिनं. पूर्ण एकोणीस सेकंद. कोणी बोललं नाही. मग गायक आला.

"त्या दिवशी अंगठा चुकून आधीच सुटला. इतकं सुंदर असतं ते सुरुवातीचं, हे मला तेव्हा कळलं," बाई म्हणाल्या. "वाटलं, शेवटी ऐकलं बाबानं माझं."

काकांनी वही घेतली. बराच वेळ लिहीत होते. मग आधी माझ्याकडे दिली. बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. कामावर परतल्याचा तो पहिला दिवस. पाकिटावर १९ लिहिलेलं, सांगायचं सगळं तोंडपाठ. बटण दाबलं, श्वास घेतला आणि मनात आलं, ऐकतंय कोण? घरी रेडिओ लावणारं माणूस आता नव्हतं. बोटं गुडघ्यावर चालत राहिली, तोंड उघडलं नाही. दुसऱ्या गाण्यापासून पुन्हा बोलायला लागले, नोकरी होती म्हणून.

बाईंनी वही माझ्या हातून घेऊन वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला.

काकांनी पान उलटून आणखी एक ओळ लिहिली आणि वही थेट त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशी शुक्रवार नव्हता. तरी कार्यक्रम संपल्यावर ऑपरेटर बाई काचेशी आल्या होत्या: तुमच्या टेलरबाईंचा फोन आहे. काकांनी हातानंच नाही म्हटलं होतं. त्या शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. त्यानंतर कधीच नाही.

"मी केला होता फोन?" बाई म्हणाल्या. "आठवत नाही बाई. इतके केले मी फोन."

मग त्या एकदम उठल्या. "हे फडकं कोणी शिवलंय? कडा टोचत नाही का? माणसाच्या गळ्याला असली दुमड घालतात?" खांद्यावरची मापाची टेप काढून त्यांनी काकांच्या गळ्याभोवती धरली. काका मान वर करून निमूट बसले. बाईंनी आकडा खडूनं टेबलावर लिहिला, मऊ कापड शोधलं आणि मशीनवर बसल्या. चार फडकी होईपर्यंत मशीनच चालू होतं.

निघताना काकांनी पुन्हा तेच पान उघडून धरलं. बाईंनी दोरा दातानं तोडला. "सांगितलं ना, आठवत नाही. पुढच्या आठवड्यात या, आणखी दोन देते."

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी काकांकडेच होते. त्यांचा मोबाइल नीट लावून द्यायला गेले होते. "बाबा, आवाज सापडला का?" टक टक, लगेच. "मग दुसरा घ्या ना त्यातला एखादा. मला चालेल." बराच वेळ काहीच नाही. पलीकडे ती थांबली होती, मोजत असावी. मग एकदा टक.

तिन्ही तयार आवाज मी त्यांना ऐकवले. एक बँकेतल्यासारखा, एक बातम्यांचा, एक जरा जास्तच लाडिक. ते अजून ठरवताहेत. दुकानात मात्र दर आठवड्याला जातात. फडकी आता बारा झाली आहेत. बाईंना अजून आठवलेलं नाही, आणि ती कॅसेट अजून बॉबिनांखालीच आहे.

मोबाइलमध्ये पहिलं वाक्य त्यांनी टाइप करून ठेवलं आहे. आवाज ठरला की तेच आधी वाजेल: "बाई, त्या दिवशी तुम्ही फोन कशाला केला होता?"