चौथं तिकीट

कुमुदताई गेल्याचा फोन मला ऑफिसात आला, त्यांच्या शेजारच्या इंग्लिश बाईचा. "फोनजवळच्या भिंतीवर सगळ्यात वर तुमचं नाव लिहिलंय," ती म्हणाली, "म्हणून आधी तुम्हालाच केला." कुमुदताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, लंडनबाहेर स्लाउला एक भाची तेवढी. मी लगेच कामाला लागले. भाचीला कळवणं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, कौन्सिलमध्ये नोंद, क्रेमेटोरियमची वेळ... एकेका कामावर रेघ मारत गेले. मंजिरीने अगदी घरच्यासारखं केलं, असं इथल्या मराठी मंडळातले सगळे म्हणाले. ते ऐकताना मला मान वर करवेना. आता दोनेक महिने झालेत, तरी करवत नाही.

आमची ओळख तिकिटापायी झाली. दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला मेधा, सुजाता आणि मी, लंडनच्या ईलिंग भागातल्या तिघी मैत्रिणी, महिन्यातून एका शनिवारी कुठेतरी भटकून यायला लागलो. तिकिटांचं काम अर्थातच माझ्याकडे. स्वस्तात स्वस्त भाडं शोधून काढणं हा माझा छंदच होता, अजूनही आहे. लंडनचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे शहरातला पास, जवळ असेल तर पुढचं तिकीट घरापासून न काढता त्या पासाच्या झोनच्या हद्दीपासून काढायचं. बाथ शहरी जायचं तर सरळ एक तिकीट न घेता वाटेतल्या डिडकॉट स्टेशनला तोडून दोन घ्यायची. आपली गाडी डिडकॉटला थांबते ना, एवढंच बघायचं. खाली उतरावं लागत नाही, जागेवरून हलावंही लागत नाही, आणि भाडं उतरलेलं असतं. पण सगळ्यात फायद्याचं होतं ते ग्रुपचं तिकीट. तिघी जा नाहीतर चौघी, भाडं दोघींचंच. म्हणजे चौथी फुकट, आणि वाटणी चौघींत. आम्हाला चौथी हवी होती. कुमुदताई आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहायच्या आणि शनिवारी मोकळ्या असायच्या. त्यांना बोलावण्याचं कारण एवढंच. आवडत होत्या म्हणून नव्हे.

वयाने त्या आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. चालायला सावकाश, बोलायला अखंड. गाडी सुटली न सुटली तोच त्यांचा पुऱ्यांनी भरलेला आइस्क्रीमचा जुना टब उघडायचा आणि लसणीच्या चटणीचा वास कॅरेजभर पसरायचा. मी आजूबाजूच्या लोकांकडे बघून कसनुसं हसायची. एकदा तिकिटं तपासायला आलेल्या गार्डलाच त्यांनी पुरी दिली. "टेक, टेक, नॉट हॉट ॲट ऑल." तो बिचारा खोकत खोकत पुढच्या डब्यात गेला. "तिखट नव्हतं गं एवढं," त्या आम्हाला म्हणाल्या, "लेकरू नाजूक होतं." समोरासमोरच्या टेबलाच्या जागेवर त्या नेहमी गाडीच्या उलट्या दिशेला, खिडकीशी बसत. मी एकदा विचारलं, अहो, चक्कर नाही येत? तर म्हणाल्या, "उलटं बसलं की गेलेलं जास्त वेळ दिसतं." आणि स्वतःवर विनोदही करायच्या. "मी म्हणजे सुपरमार्केटातली फ्रीवाली वस्तू. लोक हौसेने घेतात आणि घरी गेल्यावर कपाटात मागे टाकतात." "काहीतरीच काय, कुमुदताई!" म्हणून आम्ही तिघी हसायचो. पण तीन-चार वर्षांच्या त्या फिरण्यात आमच्यापैकी एकीनेही त्यांना कधी घरी चहाला बोलावलं नाही.

मग एका उन्हाळ्यात मेधाची नणंद नाशिकहून आली. बाथला जायचं ठरलं. "पाच जणी झालो तर तिकीट बिघडतं," मी म्हटलं. मी कुमुदताईंना फोन करून सांगितलं की या महिन्यात आमचं काही जमत नाहीये. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "माझाही गुडघा कुरकुरतोय."

शनिवारी सकाळी ईलिंग ब्रॉडवेच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही चौघी उभ्या होतो आणि जिन्यावरून कठडा धरत कुमुदताई उतरत होत्या. स्लाउला भाचीकडे निघाल्या होत्या, गाडी तीच. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. मनातल्या मनात मोजलं असावं.

"चौघी आहात," त्या म्हणाल्या. "बरोबर."

"अहो, अगदी आयत्या वेळी ठरलं..." मी सुरुवात केली.

"असू दे गं." त्यांनी पर्स उघडून आपलं सीनिअर रेलकार्ड मला दाखवलं, जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं. "मला यावर एकटीला सूट मिळते की. सांगितलं असतंस तर माझं मी काढलं असतं."

ते कार्ड मीच काढून दिलेलं होतं. फॉर्म मी भरला होता, फोटो मी चिकटवला होता. पाचवं माणूस कसं न्यायचं हे लंडनभर कोणाला ठाऊक असेल तर ते मला. तिकिटाचा प्रश्न नव्हताच. पाचवीसाठी खटपट करावी असं मला वाटलं नव्हतं, आणि हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलं.

स्लाउपर्यंत त्या नणंदेशी हसून बोलत होत्या. डावीकडे लक्ष ठेवा, विंडसरचा किल्ला दिसेल, वगैरे. उतरताना त्यांनी तो टब माझ्या मांडीवर ठेवला. "अगं, भाचीसाठी केल्या होत्या. पण तुमचा प्रवास लांबचा. भाचीला काय, मी पुन्हा करीन." त्या दिवशी त्या पुऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या. मीही खाल्ल्या. सोमवारी टब घासून, पुसून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला... आणि बेल न वाजवता परत आले.

पुढच्या महिन्यात नणंद नाशिकला परत गेली होती. मी फोन केला, कशाबशा शब्दांत विचारलं. "येते की," त्या म्हणाल्या. "चौथी लागते ना तुम्हाला?" आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानंतरही त्या आमच्याबरोबर येत राहिल्या, गुडघ्याने पार घरी बसवेपर्यंत. माफी मागायला मला चार जणींच्या टेबलावर, समोरासमोर बसून, कितीतरी शनिवार मिळाले होते. मी दर वेळी खिडकीबाहेर बघितलं.

मागच्या शनिवारी आम्ही तिघी पुन्हा बाथला निघालो. मी नेहमीप्रमाणे डिडकॉटपर्यंतची ग्रुपची तिकिटं मागितली. तिकीट-खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तिघीच? चौथं कोणी असेल तर याच पैशांत येईल." माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, चार द्या."

रेडिंगला गाडी बदलली, टेबलाची जागा मिळाली. उलट्या दिशेची खिडकी आम्ही न बोलताच मोकळी सोडली आणि मी ते चौथं तिकीट तिथे टेबलावर ठेवलं. सुजाताने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "किती छान केलंस गं, मंजिरी," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काय छान केलं होतं? तेही फुकटचंच होतं.