पाठीनं पाहिलेलं जैसलमेर

रेणुकानं जैसलमेरचा किल्ला पाहिला, तो पाठीनं.

काल सकाळी ती गेली. डेंग्यू झाला होता. तिशीही गाठली नव्हती.

आज तिचे ट्रिपचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला आहेत. किल्ला, हवेल्या, तलाव. खाली कुणीतरी लिहिलंय, "चला, निदान फिरून तरी घेतलं बिचारीनं."

म्हणून हे लिहितेय.

आम्ही वडवणीकडच्या. ती वरच्या वस्तीवरची, मी खालच्या गावातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इतिहासाची अभ्याससहल जैसलमेरला निघाली. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं सहल म्हणजे परीक्षाच असणार असं समजून त्यांनी मला सोडलं.

रेणुकाचं तसं नव्हतं. तिच्या मोठ्या भावाची, संतोषदादाची अट होती.

"तासाला एक फोटो. तोंड आन् जागा, दोनीबी दिसलं पाह्यजे. नीट वागलीस तर पुढच्या वर्षी एम.ए.चं बघू."

रेणुकाला एम.ए. करायचं होतं. दुसरं काहीच नको होतं तिला.

म्हणजे ती सहल नव्हतीच. आमची बाकीच्यांची होती.

किल्ल्याच्या दरवाजात आम्ही सगळ्या मान वर करून बघत होतो. ही दरवाजाकडं पाठ करून मोबाइलकडं तोंड करून उभी. कोरीव हवेल्यांच्या गल्लीत तेच. तलावावर तेच.

"अगं, हस की जरा!" फोटो काढताना मी म्हणायचे.

"येडी का तू? हसले तर दादा म्हणंल, मजा मारायला गेलीस का?"

फोटो पाठवायचा. दोन निळ्या टिका यायची वाट बघायची. तोवर बाकीचे पुढं गेलेले असायचे, मग पळायचं.

पण होती लई खोडकर. कुलधराला गेलो. ओसाड गाव, सरळ गल्ल्या, घरांवर छप्पर नाही. गाइड आवाज खोल करून सांगत होता, अख्खं गाव एका रात्रीत निघून गेलं.

रेणुका म्हणाली, "त्यात काय! आमची वस्ती दसऱ्यानंतर अशीच असती. समदे ऊसतोडीला. आमी कधी तिकीट न्हाई लावलं."

सर पण हसले. आणि तिचा फोन वाजला.

तिसऱ्या दिवशी एका लहानशा म्युझियममध्ये गेलो. दारातच सांगितलं, मोबाइल काउंटरवर ठेवा, आत फोटो काढायचा नाही.

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. मग मोबाइल बंद केला आणि देऊन टाकला.

आत ती हळू चालत होती. मी तिला कधी हळू चालताना पाहिलंच नव्हतं. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. उंटाच्या कातड्याच्या बुधल्यापाशी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं, "चाचा, इसमें पानी को वास नै आता क्या?"

चाचा म्हणाले, "आता है बेटी. प्यास में कौन सूंघता है?"

ती एवढी हसली की पुढच्या खोलीतल्या मुली बघायला आल्या.

मग एका काचेच्या पेटीसमोर थांबली. आत दगड झालेला शिंपला होता. इथं कधीकाळी समुद्र होता, असं लिहिलेलं.

"बघ ना," ती म्हणाली, "समुद्र गेला निघून, हा हितंच. ‘कावून ऱ्हायलास?’ म्हणून कुणी फोन केला न्हाई ह्याला." काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत बसली. मी हाक मारली नाही.

बाहेर येऊन मोबाइल चालू केला, तर मिस्ड कॉलची रांग. लगेच फोन.

"फोन बंद कावून होता? कुणासंगं होतीस?"

"म्युझियममदी होते, दादा."

"म्युझियममदी काय असतंय एवढं?"

मग दादानं सरांना फोन केला. सर घाबरले. दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकड्यांवर सगळे उतरले, रेणुकाला बसमध्येच बसवलं. मीही तिच्याजवळ बसले. वाळू आत येते म्हणून ड्रायव्हरनं काचा लावून घेतलेल्या. दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाइल फिरवून एकेक रिकामी सीट दाखवली.

एम.ए.चं पुन्हा कुणी बोललं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. सासरी मोबाइल नवऱ्याकडं असायचा.

मी एम.ए. केलं. शिकलं की दार उघडतं, असं मी भाषणांत सांगायचे. तिच्याही दाराबाहेर तेच सांगत उभी राहिले असते, पण कडी आतून नव्हतीच.

काल तिच्या मातीहून आल्यावर संतोषदादा आमच्या ओट्यावर येऊन बसला. डोळे सुजलेले.

"तिचे ट्रिपचे फोटो हायेत का गं तुझ्याकडं? मी बघून डिलीट करीत गेलतो. मोबाइल भरायचा."

सहलीच्या ग्रुपवर टाकलेले होते, ते मी सगळे दाखवले. तो एकेक सरकवत गेला. शेवटपर्यंत गेला, परत पहिल्यापासून आला.

"एकातबी हसली न्हाई गं ही."

"हसली होती, दादा."

"कुठं? दाव की."

"म्युझियममध्ये. तिथं फोटो काढू देत नव्हते."

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि तसाच बसून राहिला. मग आईनं आतून पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही.

स्टेटसला फिरताहेत ते फोटो खरे आहेत. तिची ट्रिप मात्र त्यांत नाही. ती वर लिहिली आहे, एका तासाची.

रेणू, जा आता. सावकाश जा, बघत बघत जा.

पोचलीस की फोन करू नकोस.