पहिल्या गाडीचा मान

शिरपूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. नाटक असो की कादंबरी, त्यात कुठे ना कुठे एखादा ड्यूक उगवतोच, आणि मागच्या बाकावरून हमखास विचारलं जातं, ‘‘मॅडम, ड्यूक मोठा की अर्ल?’’ पहिली काही वर्षं मी फळ्यावर उतरंड काढायचे. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. मुलं इमानदारीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत बॅरनला ड्यूकच्या डोक्यावर बसवायची. एकदा वैतागून म्हटलं, ‘‘बारागाड्या पाहिल्यात ना? पहिली गाडी ड्यूकची, दुसरी मार्क्विसची, तिसरी अर्लची.’’ त्यानंतर त्या वर्गात कोणी चुकलं नाही.

ज्यांनी बारागाड्या पाहिल्या नसतील त्यांना सांगते. आमचं गाव तापीकाठी, चोपड्याच्या अलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे बारा बैलगाड्या एकामागे एक दोरखंडाने बांधतात. बैल जुंपत नाहीत. गाड्यांवर माणसं खचाखच बसतात आणि हळदीने पिवळा झालेला भगत कमरेला दोर बांधून ती सगळी माळ खंडेरावाच्या देवळापर्यंत ओढत नेतो. मागून ढकलणारे हात भरपूर असतात, पण ते कोणी मोजत नाही. आता निम्म्या घरांत बैल उरलेले नाहीत. गाड्या वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खातात आणि आखाजीला बाहेर निघतात.

कोणाची गाडी कितवी, हे कुठेही लिहिलेलं नाही. इंग्रजांनी म्हणे असल्या गोष्टींची जाडजूड पुस्तकं छापली. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या दोन गाड्या पाटलांच्या, मग कुळकर्ण्यांची, अशा करत देशमुखांच्या बाराव्या गाडीपर्यंत. वतनं जाऊन जमाना लोटला, कुळकर्णी तर केव्हाच नाशिकला गेले, पण आखाजीला त्यांच्यातला एक जण येऊन बसतो आणि गाडी अजून कुळकर्ण्यांचीच म्हणायची. पहिली गाडी आमची. माझे वडील, म्हणजे आबा, पन्नासएक वर्षं तिच्यावर बसले. दुसऱ्या गाडीवर नाना, आबांचे चुलतभाऊ.

आबा थोरल्या पातीचे, म्हणजे शाखेचे, नाना धाकट्या पातीचे. खरी गंमत इथेच आहे. आमच्या मूळ पुरुषाला दोन बायका. थोरलीला मूल होईना म्हणून त्याने दुसरी केली. तिला मुलगा झाला, आणि वर्षाच्या आत थोरलीलाही झाला. म्हणजे थोरलीचा मुलगा वयाने धाकटा आणि धाकटीचा थोरला. देवाने एवढा खोडसाळपणा करायला नको होता. तेव्हापासून पहिला मान कोणाचा यावर दोन घरं भांडत आली, आणि आबा-नानांनी तो वारसा मोठ्या निष्ठेने चालवला.

‘‘मान आंडोरना ऱ्हास, मायना नही,’’ नाना म्हणायचे. मान मुलाचा असतो, आईचा नव्हे. वयाने थोरला तो थोरला.

‘‘आधी माय, मंग आंडोर,’’ आबांचं उत्तर तयार.

हे सगळं आमच्याच ओट्यावर, आमच्याच घरचा चहा पीत. नाना आले नाहीत अशी संध्याकाळ मला आठवत नाही. चहा आधी कोणाला द्यायचा यावरून एकदा तंटा झाला, तेव्हापासून आई दोन हातांत दोन कप धरून दोघांपुढे एकदमच करायची. केळीचा भाव, पाटाचं पाणी, कोणाच्या पोराचं लग्न मोडलं, सगळं बोलून व्हायचं, आणि उठताना पुन्हा एकदा माय आणि आंडोर. तालुक्याला जायचं असलं तर दोघं एकाच एसटीत शेजारी बसून जायचे. खिडकी कोणाची, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात आबा गोठ्यापाशी घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने पायरीसुद्धा चढायची नाही म्हणून बजावलं. आखाजी दोन महिन्यांवर होती.

आणि गावाचा नियम कडक. गाड्या बांधून झाल्या की पंच पुकारा करतात. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत त्या घरचा माणूस गाडीवर बसला नाही, तर मान मागच्या गाडीकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. देशमुखांची मुलं एक वर्ष पुण्याहून आली नाहीत, तर त्यांची तिसरी गाडी एकदम बारावी झाली. घरचा माणूस म्हणजे बाप्या, हे वेगळं सांगायची कोणाला गरज वाटत नाही. मी आबांची एकुलती एक मुलगी.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी मी आले. आबा खाटेवर पडून होते. पायाच्या दुखण्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, सारखी गाडीचीच काळजी. मी आपली शहाणी. म्हटलं, ‘‘आबा, पाटीलकी गेली, वतन गेलं. एक गाडी मागे गेली तर काय आभाळ कोसळणार आहे?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. ते वाक्य मी बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं.

त्यात नाना यायचे बंद झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग आठ दिवस. रोज संध्याकाळी आबा दाराकडे कान लावायचे. नानांच्या अंगणात गाडीला रंग चाललाय, चाकांना नवी लोखंडी धाव बसवलीये, अशा बातम्या मात्र न विचारता येत होत्या. मला नानांचा भयंकर राग आला. जन्मभर ज्याच्या घरचा चहा प्यायला, तो पडल्यावर त्याच्याच जागेसाठी रंगरंगोटी!

आखाजीच्या दिवशी सकाळी नानांचे दोन मुलगे आले. ‘‘नानानी गाडी मांगी शे,’’ नानांनी गाडी मागितलीय, एवढंच म्हणाले आणि आमची गाडी शेडमधून ओढत घेऊन गेले. आता ती मागे नेऊन बांधतील, हे आबांना कळलं, मलाही कळलं. दुपारी आबा म्हणाले, ‘‘जाय, देखी ये. आनि माले खरं सांगजो.’’

मी गेले. ऊन रणरणत होतं, तरी मैदान माणसांनी भरलेलं. गाड्या बांधून तयार होत्या, आणि आमची गाडी अजून पहिलीच होती. रिकामी. तिच्या मागे नानांची गाडी, लाल-हिरव्या रंगात झगमगणारी, आणि तिच्यावर पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून नाना. माईकवर पंचांचा पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. भगत कमरेचा दोर आवळत उभा होता. कोणीतरी ओरडलं, ‘‘नाना, आता तुमचाच मान!’’

नाना उतरले. गुडघे धरून, सावकाश. मी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा नाना आमच्या गाडीवर चढत होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मान घ्यायच्या घाईत म्हातारा चुकीच्या गाडीवर चढला. दोन पोरं आमच्या गाडीचे दोर सोडायला धावली, तिला मागे न्यायला आणि नानांची पुढे घ्यायला.

‘‘दोरले हात लावू नका!’’ नाना असे गरजले की माईकची गरज पडली नाही. मग पंचांकडे वळले. ‘‘नियम काय शे?’’

‘‘त्या घरना मानूस बठना पाहिजे,’’ पंच म्हणाले.

‘‘मंग बठना ना. पुकारा कर.’’

पंच गोंधळले. ‘‘पन नाना, तुम्ही ते धाकटी पातीना...’’

‘‘मी थोरली पातीना मानूस शे,’’ नाना म्हणाले. ‘‘आमनं मूळ एक शे का दोन? कर पुकारा.’’

ज्या माणसाने सगळं आयुष्य आपली पातीच खरी थोरली म्हणून घसा कोरडा केला, त्याने चारचौघांत आपल्या तोंडाने तो हक्क सोडला होता. तोही अशा दिवशी, की नुसतं आपल्या गाडीवर बसून राहिले असते तरी मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा झाला असता. रंगवलेल्या गाडीवर त्यांचा थोरला मुलगा चढला, दुसऱ्या नंबरवर. तिसरा पुकारा आमच्या घराच्या नावाने झाला. मी भर उन्हात ढसाढसा रडले, आणि आठ दिवस मनात नानांना काय काय बोलले त्याची लाज वाटली. पुढे कळलं, आबांसमोर आलो तर हा बेत पोटात राहणार नाही, म्हणून ते यायचे थांबले होते. आबांनी त्यांना नक्की अडवलं असतं.

गाड्या देवळाला लागायच्या आत मी घरी पळाले. आबा तसेच पडून होते.

‘‘कोन बठनं?’’

‘‘नाना.’’

त्यांनी डोळे मिटले. ‘‘बठू दे. हक शे त्याना.’’

‘‘त्यांच्या गाडीवर नाही, आबा. आपल्या गाडीवर. थोरली पातीना मानूस म्हनीसन.’’

आबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, ‘‘येडा शे.’’ पांघरुणाच्या टोकाने डोळे पुसले. ‘‘त्याले सांगजो, थोरला तोच शे. माले पहिलेपासून मालूम शे.’’

मी निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

‘‘नको. ऱ्हाऊ दे. मीच सांगसू.’’

मग त्यांनी माझ्याकडून स्वतःला आधाराने बसवून घेतलं, धुतलेला सदरा मागून घेतला, आणि दाराकडे तोंड करून नानांची वाट बघत बसले.